ट्रॅव्हलरमध्ये बॅटरीच्या डोक्यावर इन्व्हर्टर: चालेल का?

मांडूवारी (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण फॅब्रिकेटर रविवारी प्लाय कापायला बसणार, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली आहे, उंच छताची. (पीथमपूरची गाडी, इंदुरात पार्ट कुठेही मिळतो, हे एकच कारण नवऱ्याला पटलं.) सीट काढून झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करतोय. जाणार चौघं: आम्ही दोघं, मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास चालू ठेवायला हवा पुरवणारं) मशीन लागतं, तेव्हा विजेच्या बाबतीत हयगय चालणार नाही. बाकी बारा व्होल्टचा छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे, लॅपटॉप, आणि सकाळी चटणीपुरता मिक्सर. छतावर ४०० वॉटचं सोलर.

बॅटरी घरच्याच इन्व्हर्टरची, १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर. "चांगली चालतेय, नवी कशाला?" हे सासऱ्यांचं म्हणणं. १५०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि एमपीपीटी (सोलरवरून बॅटरी चार्ज करणारा कंट्रोलर) नवे घेतलेत.

आता फॅब्रिकेटरचा नकाशा. मागच्या आडव्या पलंगाखाली ९० × ६० × ५५ सेंटिमीटरची एक पेटी. तळाला बॅटरी, तिच्यावर प्लायची फळी, फळीवर इन्व्हर्टर आणि एमपीपीटी. पुढून दार, दाराला रबराची बीडिंग, म्हणजे धूळ आत जाणार नाही. शेजारच्या खणात पाच किलोचा गॅस सिलिंडर. दिसायला फार नेटकं आहे. मी जरा का-कू केलं तर म्हणाला, "दीदी, घर पे भी तो ट्रॉली में ऊपर ही रखते हो." आणि घरी खरंच तसंच आहे!

नवरा म्हणतो, केबल जितकी आखूड तितकी चांगली, तेव्हा हेच योग्य. भाचा एसजीएसआयटीएसला (इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला) शिकतो, तो म्हणतो बॅटरीतून गॅस निघतो, इन्व्हर्टर लांब ठेवा. मला दोघांचंही पटतं, आणि तीच पंचाईत आहे.

(आरसीवर बदल नोंदवायचं काम चालू आहे. त्यावर सल्ला नको, डोकं आधीच फिरलंय.)

पाताळपाणी

ताई, उगाच घाबरू नका. आमच्याकडे जिन्याखाली वर्षानुवर्षं ट्रॉलीतच आहे, वर इन्व्हर्टर खाली बॅटरी. अख्ख्या कॉलनीत तसंच आहे. एक-दोन भोकं पाडा पेटीला आणि निघा मांडूला. पावसाळा संपायच्या आत गेलात तर मजा.

बाराव्होल्ट (रामबाग)

पाताळपाणी भिया, भोकं पाडा म्हणालात ते बरोबर, पण कुठे पाडायची ते सांगितलंच नाहीत. सगळी गोम तिथेच आहे.

ताई, तुमचे यजमान आणि भाचा दोघंही बरोबर आहेत. इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ हवा. पण डोक्यावर नको, आणि दोघांची हवा एक नको. शेजारी-शेजारी, मध्ये अखंड भिंत. चांगल्या कंपन्यांची माहितीपत्रकं हेच सांगतात. व्हिक्ट्रॉन या इन्व्हर्टर कंपनीचं उघडून बघा: बॅटरीच्या शक्य तितकं जवळ बसवा, बॅटरीच्या थेट वर कधीही बसवू नका, आणि हवेसाठी दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा.

आधी ट्रॉलीचं बोलू, कारण तो मुद्दा फॅब्रिकेटर पुन्हा काढणार. घरची ट्रॉली चारी बाजूंनी उघडी असते आणि तिच्याभोवती अख्ख्या खोलीची हवा असते. म्हणून स्फोट होत नाही. पण इन्व्हर्टरला काही होत नाही असं मात्र नाही. माझं काम बोर्ड दुरुस्तीचं. आत्ता टेबलावर असाच एक ट्रॉलीतला इन्व्हर्टर उघडा पडलाय. फॅनच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात, नखाने खरवडलं की पूड निघते. पीसीबीची (आतल्या सर्किट बोर्डाची) जी बाजू खाली, म्हणजे बॅटरीकडे तोंड करून होती, तिथलं सोल्डर काळपट राखाडी झालंय आणि रिलेचा एक पाय चिमट्याने ढकलला की हलतो. वरच्या बाजूला नुसती धूळ, ब्रश मारला की बोर्ड नव्यासारखा. एकाच बोर्डाच्या दोन बाजू. चार्जिंगच्या वेळी बुडबुड्यांबरोबर ॲसिडचा सूक्ष्म तुषार वर येतो, आणि इन्व्हर्टरचा फॅन तो इमानेइतबारे आत ओढून घेतो.

आता तुमची पेटी. ट्युब्युलर म्हणजे पाणी घालायची लेड-ॲसिड. १४.४ व्होल्टच्या आसपास चार्ज होताना, शेवटी शेवटी तिच्यातल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतं. भरलेल्या बॅटरीत एक अँपिअर-तास जास्तीचा गेला की सहा सेल मिळून अडीच लिटरच्या वर हायड्रोजन निघतो. तुमची पेटी जवळजवळ ३०० लिटरची. बॅटरी आणि सामानाची जागा वजा करा, २५० लिटर हवा उरली. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. २५० चे ४ टक्के किती? दहा लिटर. म्हणजे चार अँपिअर-तास. भर दुपारी, बॅटरी भरलेली, सोलर चालू, पाच अँपिअर नुसते आत जातायत, तर तासाभराच्या आत तुमची रबर बीडिंगवाली पेटी त्या हद्दीत पोचते. ती बीडिंग धूळ अडवेल, तसाच गॅसही अडवेल.

आणि हायड्रोजन पेटायला फार काही लागत नाही. थंडीत सिंथेटिक पांघरुणावरून हात फिरवला की चट् करून जी ठिणगी उडते, तिच्यात पुरेशाहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. तुमच्या नकाशात तर बरोबर त्याच जागी, वर, इन्व्हर्टरचा रिले टकटक करणार. हायड्रोजन सगळ्यात हलका, तो फळीखाली आणि पलंगाच्या प्लायखालीच साठणार. आणि त्या पलंगावर तुमच्यापैकीच कोणीतरी झोपणार.

गॅसखेरीज आणखी एक साधी गोष्ट: वरून वस्तू खाली पडते. भेरूघाटात आणि मानपूरच्या उतारावर नट ढिले होतात. फळीवरचा स्क्रू किंवा विसरलेला पाना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो लाल होईस्तोवर तापतो. त्यामुळे बॅटरी कुठलीही असो, तिच्या वर काही नको. टर्मिनलांना रबरी टोप्या हव्यातच.

उष्णतेचा मात्र लोक उगाच बाऊ करतात, निदान तुमच्या लोडवर. १००० वॉट घेतलेत तर इन्व्हर्टर १०० ते १५० वॉट उष्णता बाहेर टाकेल, पण तुमचा मिक्सर चालणार चटणीपुरता. इंडक्शन लावणार असाल तर वेगळं. खरी उष्णता आपल्या मे महिन्याची आहे, गाडी उन्हात बंद उभी असते तेव्हाची. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणून तिला इन्व्हर्टरचा गरम वारा लागू नये एवढं बघा. एमपीपीटी उभा लावा, वायरी खालच्या बाजूला, वर-खाली दहा सेंटिमीटर मोकळं. भिंतीपलीकडे गेला की त्याला बॅटरीचं तापमान कळत नाही, म्हणून बॅटरीवर बसणारा सेन्सर घ्या. एमपीपीटी ५५ अंशांवर आणि बॅटरी ३८ वर असेल तर तो स्वतःच्या तापमानावरून व्होल्टेज पाव व्होल्टाहून जास्त कमी ठेवतो, आणि बॅटरी रोज थोडी उपाशी राहते.

हे सगळं लिहिलं खरं, पण माझं मत विचाराल तर ती ट्युब्युलर गाडीत नेऊच नका. ती एका जागी उभी राहायला बनवलेली असते. ॲसिडसकट ५५-६० किलो, घाटात हिंदकळली की टोपणांतून ॲसिड बाहेर. तिच्याजागी १०० एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी) घ्या, १२ किलोच्या आसपास. हिशोब बघा. सीपॅप ४० वॉटने आठ तास, ३२०. फ्रिज दिवसाचे ५०० धरा. पंखे-दिवे २०० ते २५०. सगळे मिळून हजार-अकराशे वॉट-तास. ट्युब्युलर कागदावर १८००, पण निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ९००. एलएफपी १२८०, त्यातले ११०० बिनधास्त वापरा, आणि दिवसा सोलर भरतंच आहे. आजोबांना सांगा, बॅटरी फेकायची नाहीये, घरी जिथे होती तिथे परत लावायची आहे.

सीपॅप इन्व्हर्टरवर चालवूच नका. त्याचा डीसी अडॅप्टर मिळतो, थेट बॅटरीच्या लाइनवर लावा आणि ह्युमिडिफायर बंद ठेवा. मग रात्रभर इन्व्हर्टर बंद. त्याच्या फॅनचा आवाजही नाही.

मांडूवारी

बाराव्होल्ट दादा, तुमचं सगळं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दहा लिटरच्या हिशोबाला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागद मागितला. स्वतः गुणाकार करून बघितला. बॅटरी घरी परत जाणार हे ठरलं! पण आता नवीन शंका: "लिथियमला आग लागते, पेपरात येतं रोज."

आणि फॅब्रिकेटरचं आता दुसरंच टोक. "तो फिर दीदी, इन्व्हर्टर आगे ड्रायवर सीट के पीछे डाल देते हैं." म्हणजे बॅटरीपासून चार मीटर. त्याच्याकडे १६ स्क्वेअरची (१६ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर पडून आहे, तीच वापरू म्हणतो.

सांवेररोड

ताई, मी बस बॉडीच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून मध्ये पडतो. ती १६ ची वायर त्याला त्याच्याकडेच ठेवू द्या.

तुमचा इन्व्हर्टर १५०० व्हीए, म्हणजे साधारण १२०० वॉट. पूर्ण लोडला बारा व्होल्टवर ११० अँपिअरच्या आसपास ओढणार. चार मीटर जायचे, चार यायचे, आठ मीटर तांबं. १६ स्क्वेअरमध्ये त्याचा रोध पावणेनऊ मिलिओहम. ११० अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच खर्च, म्हणजे शंभरेक वॉट नुसती वायर तापवायला. मिक्सर सुरू होताना क्षणभर याहून जास्त करंट लागतो, तेव्हा बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर "लो बॅटरी" म्हणून ओरडणार. मग लोक बॅटरीला शिव्या देतात.

तेच ३५ स्क्वेअर आणि बॅटरीपासून ऐंशी सेंटिमीटरवर इन्व्हर्टर ठेवला तर व्होल्टाचा दहावा हिस्साही जात नाही. म्हणून बाराव्होल्ट भाऊ म्हणतात तेच: शेजारचा खण, मध्ये भिंत. केबल भिंतीतून जाते तिथे रबराचं ग्रोमेट, नाहीतर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली जाते. तांब्याची वेल्डिंग केबल चालते, बारीक तारांची असते, वळते चांगली. फक्त टोक सोलून सुरीने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक मशीनने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेलं थिंबल पहिल्याच उन्हाळ्यात तापायला लागतं.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. इन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज इन्व्हर्टरला वाचवेल, पण मधली केबल कुठे घासली तर तिला कोण वाचवणार? १५० अँपिअरचा घ्या. एलएफपी शॉर्ट झाली तर काही हजार अँपिअर देऊ शकते, साधा गाडीचा पट्टीचा फ्यूज तिथे वितळूनही आर्क तोडत नाही. क्लास टी प्रकारचा, असा मोठा करंट तोडणारा फ्यूज मिळाला तर उत्तम. नाहीतर एचआरसी (जास्त करंट तोडू शकणारा कार्ट्रिज फ्यूज) घ्या, पण अंगावर डीसीचं रेटिंग छापलेलं बघूनच. महाराणी रोडला मिळेल, दुकानदार एसीचाच पुढे करेल, तेवढं सांभाळा.

बॅटरी घेताना बीएमएस (बॅटरीच्या आतलं, जास्त लोडला तिला बंद करणारं संरक्षण सर्किट) किती अँपिअरचं आहे ते विचारा. १०० एएचच्या पुष्कळ बॅटऱ्यांत १०० अँपिअरचंच असतं, आणि तुमचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला त्याच्या पुढे जातो. मिक्सर ७५० वॉटचा असेल तर ७० अँपिअरच्या आसपास, ते चालेल. मिक्सर आणि इस्त्री एकदम लावलीत की सगळी गाडी अंधारात.

पहिल्यांदा जोडताना आणखी एक. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर रिकामे असतात, शेवटचं टर्मिनल टेकवलं की फाडकन ठिणगी उडते. काही बीएमएस त्या झटक्याला शॉर्ट समजून बंदच पडतात. गाडीचा बारा व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब मधे सीरिजमध्ये धरा. तो आधी पेटेल, मग मंद होत विझेल. विझला की केबल कसा. आणि हे जोडणं मेन स्विचपाशी करा, बॅटरीच्या टर्मिनलवर नको.

आगीचं: एलएफपी हे रसायन एनएमसीपेक्षा (लिथियमच्याच दुसऱ्या प्रकारापेक्षा) उष्णता बरीच जास्त सोसतं. नेहमीच्या चार्जिंगमध्ये त्यातून गॅस निघत नाही. पण सेल बिघडून तापला तर त्यातूनही पेटणारा गॅस निघतो, त्यात हायड्रोजनही असतो. म्हणून बॅटरीच्या खणाला बाहेर उघडणारी वाट ठेवाच, मग बॅटरी कुठलीही असो. आणि कागद वाचा: चार्जिंगसाठी बहुतेक पॅकना वरची मर्यादा ४५ ते ५५ अंशांची असते, खालची शून्याची. आपल्याकडे शून्याची भीती नाही, मे महिन्यातल्या दुपारची आहे.

पाताळपाणी

दोन भोकांवरून एवढं निघालं. जिन्याखालची ट्रॉली उद्या जरा पुढे ओढतो आणि इन्व्हर्टर भिंतीवर टांगतो. बायको कधीपासून म्हणतेय, तिथे कसला तरी वास येतो म्हणून.

बाराव्होल्ट (रामबाग)

भिया, आंबूस झणका असेल तर पाणी बघा आणि चार्जिंगचं व्होल्टेज मोजा. सडक्या अंड्याचा वास असेल तर सेल गेलाय, बॅटरी जास्त चार्ज होतेय. आधी चार्जिंग बंद करा, मग ट्रॉली ओढा.

ताई, सिलिंडरचं कुणीच बोललं नाही, आणि तुमच्या नकाशातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तीच आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो आणि दोनेक टक्क्यांलाच पेटू शकतो. हायड्रोजन वर जातो, हा खाली. म्हणून बॅटरीच्या खणाला वाट सगळ्यात वरच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि हवा आत यायला खाली एक जाळी. सिलिंडरच्या खणाला वाट तळातून, फ्लोअरमधून थेट रस्त्याकडे, आणि ती एक्झॉस्टच्या बाजूला नको. इन्व्हर्टर आणि सिलिंडर शेजारी-शेजारी मुळीच नकोत. सिलिंडर गाडीच्या दुसऱ्या बाजूला न्या, तो खण आतून पूर्ण बंद, दार बाहेरून किंवा मागच्या दरवाज्यातून. त्या खणात पाण्याचा पंप नको, सॉकेट नको, दिवासुद्धा नको. गॅस अलार्म घोट्याच्या उंचीवर लावा, छताला लावलेला काही कामाचा नाही.

इन्व्हर्टरच्या खणाला पंखा लावणार असाल तर इन्व्हर्टरचा स्वतःचा फॅन कुठून ओढतो आणि कुठे फेकतो ते आधी बघा, त्याच दिशेने हवा न्या. पुष्कळ जण उलटा लावतात आणि दोन पंखे एकमेकांशी भांडत बसतात. धुळीसाठी जाळीच्या मागे स्पंज ठेवा, दर ट्रिपनंतर झटका.

पुढे कधी इंजिनवरून चार्ज करायचं ठरलं तर अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामध्ये डीसी-डीसी चार्जर लागेल, ३० अँपिअरचा पुरे. तोही तापतो, त्याची जागा इन्व्हर्टरच्याच खणात आत्तापासून सोडा. नंतर जागा नसली की लोक तो बॅटरीवर चिकटवतात. आणि एमपीपीटीवर बॅटरीचा प्रकार ट्युब्युलरवरून लिथियमवर बदलायला विसरू नका, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद.

रविवारी प्लाय कापायच्या आधी नवी बॅटरी हातात असू द्या. उंची मोजताना नुसता डबा मोजू नका. टर्मिनल, थिंबल, टोपी आणि केबलचं वळण धरून मोजा. ३५ स्क्वेअरची केबल काटकोनात वळत नाही, तिला टर्मिनलच्या वर आठ-दहा सेंटिमीटर लागतात, आणि फॅब्रिकेटर तेवढेच नेमके कापून टाकतात.

मांडूवारी

बॅटरी शनिवारी येतेय. फॅब्रिकेटरला सिलिंडर डाव्या बाजूला हलवायला सांगितलं, तिथे त्याने चपलांचा खण काढला होता. चपला आता इन्व्हर्टरच्या खणासमोर, जाळीला न टेकता. तो म्हणतो नकाशा बिघडला, जास्तीचे दीड हजार लागतील. दिले.